चंद्रावर जायची बारा पानं

१४ जानेवारी

आज लायब्ररीत दोन साहेब आले आणि आल्या आल्या नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

त्यांची चूक नाही. मागच्या मोठ्या वादळात लायब्ररीचं छप्पर उडालं, तेव्हा भिजलेली सगळी पुस्तकं आम्ही आमच्या मासे धुरवायच्या शेडमध्ये टांगून वाळवली. पप्पांचं डोकं. पुस्तकं वाचली, पण तेव्हापासून गावातलं कुठलंही पुस्तक उघडा, प्रेमकथा असो की नळदुरुस्ती, बोय माशाचा वास येतो. मांजरांनी मेंबर व्हायचं तेवढं राहिलंय.

साहेबांची कंपनी चंद्रावर लायब्ररी ठेवणार आहे. थाप नाही मारत. निकेलची चकती, जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर पानंच्या पानं कोरायची, इतकी बारीक की मुंगीलाही चष्मा लागेल. मग ती चंद्रावर नेऊन ठेवायची. इथे पूर आला, आग लागली, आपण सगळे खपलो, तरी पुस्तकं शाबूत. रॉकेट आमच्या नदीपलीकडच्या तळावरून उडणार, म्हणून आमच्या गावाला मान. बारा पानं फुकट.

"तिथे वाळवी नाही, उंदीर नाहीत, दमट हवा नाही," एक साहेब रुमालातून म्हणाला. "पाच कोटी वर्षं पुस्तक जसंच्या तसं राहील."

"आणि पाच कोटी वर्षं कुणी परत आणून देणार नाही," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "तसले मेंबर मला इथेही आहेत." हे बोलताना माझ्याकडे बघायची काय गरज होती? त्या लायब्रेरियन आहेत, पण वागतात जज असल्यासारख्या. मी तिथे फक्त फुकटच्या वायफायसाठी जाते, हे त्यांना ठाऊक आहे.

कंपनीच्या अटी दोन. पानं लायब्ररीच्या नोंदीतल्या पुस्तकातली हवीत, आणि पुस्तक खरं हवं. कथा-कादंबऱ्या नकोत, त्या मोठ्या शहरांनी आधीच ठासून भरल्यात. आमच्याकडून गावाचा इतिहास पाहिजे, मार्च संपायच्या आत.

"आमच्याकडे इतिहासाचं एकच पुस्तक आहे," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "मिस्टर स्ट्रोबेकचं."

मी मनात म्हटलं, बिचारा चंद्र.

१६ जानेवारी

स्ट्रोबेक म्हणजे तळावरचे रिटायर इंजिनियर. रॉकेट जिथून उडतं तो सिमेंटचा ओटा त्यांनी ओतला आणि मग त्याच्यावर चारशे पानी पुस्तक लिहिलं. नाव, ‘काँक्रीटचे दिवस’. झोप येत नसेल तर डॉक्टर देतात.

चंद्रावर जाणारं पुस्तक म्हणून आज घरी आणलं आणि जेवताना आजोबांना पहिलं पान वाचून दाखवलं. गंमत म्हणून. त्यात वाक्य आलं, "आम्ही आलो तेव्हा ही जागा ओसाड होती. डास सोडले तर तिथे कुणीही राहत नव्हतं."

आजोबांनी चमचा खाली ठेवला.

"मग माझी आई मला डासांत व्याली काय?"

पप्पा हसले. मीपण हसले. आजोबा हसले नाहीत.

आजोबांचं गाव हॅकबेरी. आता रॉकेटचा ओटा आहे नेमकं तिथेच होतं. सरकारने जागा घेतली तेव्हा आजोबा चौदा वर्षांचे. लोकांनी नुसतं सामान नाही हलवलं, घरंच्या घरं जॅकवर उचलून ट्रकवर चढवली आणि नदीच्या या काठाला आणून ठेवली. आम्ही राहतो ते घर तसंच आलंय. शेजारच्या एल्डोरा आजींचं घर, न्हाव्याचं दुकान, चर्च, सगळं त्याच वाटेने आलं. रॉकेट उडालं की ही घरं जरा जास्तच थरथरतात. आजोबा म्हणतात, ओळख दाखवतात.

नंतर ओसरीत चहा घेऊन गेले तर आजोबा झोपाळ्यावर नुसते बसलेले. झोका घेत नव्हते.

"पाच कोटी वर्षं म्हणालीस ना?"

"हो."

"म्हणजे पाच कोटी वर्षं तिथे लिहिलेलं राहणार, की आम्ही नव्हतो."

मला एखादा जोक मारायचा होता. सुचला नाही. मला जोक सुचला नाही, हे इथे तारखेसकट लिहून ठेवते.

१७ जानेवारी

स्ट्रोबेककडे गेले. भांडायला. पण माणूस फारच सभ्य, भांडणाला धार चढेना.

"पोरी, मी खोटं नाही लिहिलं. मी आलो तेव्हा तिथे एक वीटसुद्धा नव्हती. पाया नाही, कुंपण नाही, काही नाही."

"असणार कशी? आमच्या लोकांनी सगळं उचलून आणलं!"

"तसं लिहिलेलं कुठे आहे?"

आता आली का पंचाईत. आमचे लोक इतके नीट झाडून-पुसून निघाले की मागे पुरावाच ठेवला नाही. दुसऱ्या कुणी असा शहाणपणा केला नसता. निदान एखादी पडकी भिंत सोडून येतात माणसं. एल्डोरा आजींच्या आईने तर म्हणे निघताना अंगणसुद्धा झाडलं होतं.

१८ जानेवारी

मिस व्हर्डेलना विचारलं, "लायब्ररीच्या नोंदीत पुस्तक जातं कसं?"

"आधी कुणीतरी ते लिहावं लागतं."

"मी लिहिते."

वाटलं होतं हसतील. त्यांनी चष्मा सारखा केला. मग टेबलाखालून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, वर दोन पेन्सिली, टोक केलेल्या. "कुणाचं तरी राहिलंय. घेऊन जा."

कोण विसरतं कोरे कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली? गावात माझ्यापेक्षा वेंधळे लोक आहेत, एवढंच म्हणते.

तशी मी अगदीच नवखी लेखिका नाही. अकरावीत शाळेने मला सोडलं (शाळा म्हणते मी सोडली). त्यानंतर ‘मगरीशी गप्पा: सहा सोपे धडे’ नावाचं पुस्तक मी स्वतः छापून लायब्ररीच्या कपाटात गुपचूप सरकवलं होतं. सहा महिने कुणाला पत्ता नाही. लोक नेत होते, आणत होते. एक पाहुणा तर तळ्यावर जाऊन दुसऱ्या धड्यापर्यंत पोचला. बूट गेला, पाय वाचला. शेवटी मिस व्हर्डेलनी पकडलं, पण पुस्तक फेकलं नाही. रीतसर माझ्या नावावर नोंदवलं आणि विनोदाच्या कपाटात ठेवलं. म्हणाल्या, "लोक मागतात."

३ फेब्रुवारी

म्हाताऱ्यांकडून माहिती काढणं म्हणजे जाळ्यात खेकडे धरणं. एकाला ओढावं तर त्याला तिघं चिकटून येतात.

आज आजोबा आणि एल्डोरा आजी आमच्या ओसरीत. मधे उकडलेल्या शेंगांचं पातेलं.

"शाळा चर्चच्या मागे होती," आजोबा.

"पुढे होती. तू मागच्या दाराने पळायचास म्हणून तुला मागे वाटते."

"एल्डोरा, मी पळायचो ते तुझं गाणं सुरू झालं की."

"लिही गं मार्ली, हॉयट प्रूएटला गाता येत नव्हतं आणि मोजताही येत नव्हतं."

"लिही, एल्डोराने माझ्या डब्यात बेडूक ठेवला होता."

"त्याच्या आधी याने माझ्या टोपीत..."

"हा कोण? मी इथे आहे, एल्डोरा."

म्हणजे खोड्या काढायची ही खोड माझी एकटीची नाही, गावाच्या पाण्यातच आहे. फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

लिहिणं हे मासे साफ करण्यासारखं आहे. एवढा मोठा मासा, डोकं गेलं, शेपूट गेली, आतडी गेली, हातात येतो तुकडा. चाळीस पानं लिहिली, त्यातली सात ठेवण्यासारखी.

संत्र्यांचे मळे लिहिले. डास हाकलायला प्रत्येक दाराशी शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, तो लिहिला. घरं हलवली त्या दिवसाचं लिहिलं. आजोबांच्या आईने चुलीवरची कॉफीची किटली उतरवलीच नाही. घर ट्रकवर, चूल घरात, किटली चुलीवर आणि ती बाई पूलभर किटलीला धरून उभी. इथे पोचल्यावर ट्रकवाल्याला त्यातलीच कॉफी पाजली. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. मलाच. मी कधी स्वतःच्या लिहिण्यावर काटा आणणाऱ्यातली नाही.

मिस व्हर्डेलना पानं दाखवते. त्या प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलीने एकच लिहितात, "कुणी सांगितलं?" मग मी परत त्या माणसाकडे जायचं, विचारायचं, नाव लिहायचं. छळ नुसता. बाईला माझं काहीच पटत नाही. वर परवा लायब्ररी बंद व्हायच्या वेळेनंतरही मला बसवून घेतलं. म्हणाल्या, त्यांना कपाटं पुसायची होती. कालच पुसली होती.

१ मार्च

साडेअकरा पानं झाली. पानं पाहिजेत बारा. साहेबांचा फोन होता, कोरी जागा सोडू नका, चंद्रावर न्यायला फार जड पडते. कोरी जागा कशी जड पडते देव जाणे.

म्हाताऱ्यांचं सांगून झालंय. आता पिळले तरी थेंब येणार नाही. म्हणून दुपारी पडल्या पडल्या अर्धं पान मीच रचलं. हॅकबेरीत टपाल कसं यायचं? खेचरावरून. वाळूत गाडीची चाकं रुतायची ना. आणि डास चावू नयेत म्हणून खेचराला गोणपाटाची विजार घातलेली!

कुठून सुचलं कोण जाणे. अगदी समोर दिसलंच मला, विजार घालून डुलत चाललेलं. एका दमात लिहिलं, एक शब्द खोडावा लागला नाही. बाकीच्या साडेअकरा पानांनी घाम काढला आणि ही थाप आपोआप उतरली. शेवटी ज्याचा त्याचा धंदा.

आजोबांना दाखवलं नाही. रागावतील. लहानपणी आई गेल्यावर तेच मला मांडीवर घेऊन झोपवायचे, कायकाय बडबडायचे म्हणे. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. पण तेव्हापासून ते रागावलेले मला सोसत नाहीत.

एवढ्या खऱ्यात एक चिमूट खोटं. कोण बघतंय? पाच कोटी वर्षांनी कुणी हिरव्या डोक्याचा उघडून बघेल आणि म्हणेल, पृथ्वीवर खेचरं विजारी घालायची. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पल्ल्याची थाप.

६ मार्च

लोचा झाला.

पुस्तक शिवून, पुठ्ठा लावून मिस व्हर्डेलना दिलं. ‘हॅकबेरी: आम्ही होतो तिथे’. त्यांनी कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं आणि मशिनीतून पुस्तकावर लावायची चिठ्ठी बाहेर आली, ‘विनोद. काल्पनिक.’

मगरीच्या धड्यांमुळे. मशिनीच्या लेखी मार्ली प्रूएट म्हणजे फेकाफेक. माझं नाव दिसलं की तीच चिठ्ठी.

"बदला ना!"

"एकटीला बदलता येत नाही. छापलेली चिठ्ठी बदलायची तर गावाची सभा घ्यावी लागते, ज्याला शंका असेल त्याने विचारायचं, लेखकाने उत्तर द्यायचं. नियम आहे."

"आणि नाही बदलली तर?"

"तर काल्पनिक पुस्तक चंद्रावर जात नाही. मिस्टर स्ट्रोबेकचं जाईल."

घरी आले तर आजोबा दारातच. इस्त्रीचा शर्ट घालून. "चिठ्ठी लागली? काय लिहिलंय तिच्यावर?"

मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ही एक थाप मारताना मजा आली नाही.

२० मार्च

आज सभा झाली.

लायब्ररीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला तळावरचे लोक, इस्त्रीच्या कपड्यांचे. दुसऱ्या बाजूला आमचे, रबरी बुटांचे. आजोबा पहिल्या रांगेत, शर्ट तोच.

मिस व्हर्डेल म्हणाल्या, "प्रश्न एकच. हे पुस्तक खरं की रचलेलं? कुणाला शंका?"

तळाकडचा एक जण म्हणाला, "लेखिका कोण ते बघा ना. हिच्यामुळे माझ्या मेव्हण्याचा बूट मगरीने खाल्ला." सगळे हसले. एरवी मी उठून वाकून नमस्कार केला असता. आज कान तापले.

मग स्ट्रोबेक उठले. माझं पुस्तक हातात, जागोजागी कागदाच्या पट्ट्या. माणसाने अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

"मला बरंचसं पटतं," ते म्हणाले. "घरं हलवली, पटतं. किटली, तीही पटते. पण शेवटचं पान. टपाल आणणारं खेचर. विजार घातलेलं. मार्ली, मी साधा काँक्रीटचा माणूस आहे. एका ठिकाणी मिश्रण चुकलं तर मी सगळा ओटा फोडायला लावायचो. हे पान चुकलेलं असेल तर बाकीच्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

मी आजोबांकडे बघितलं नाही.

मी उभी राहिले. सांगून टाकणार होते. की हे अर्धं पान माझं आहे, फाडून टाका, शिक्षा मला करा, पण बाकीची साडेअकरा त्यांची आहेत. तोंड उघडलं.

आणि मागून काठी आपटली.

"गोणपाटाची नव्हती!"

एल्डोरा आजी. उभ्या राहिल्या, लालबुंद.

"मार्ली, कुणी सांगितलं तुला गोणपाटाची? कोंबडीखाद्याच्या सुती पोत्याची होती. फुलाफुलांची, पिवळी. माझ्या आईने शिवली होती. पर्लीनला गोणपाट खुपायचं."

"पर्लीन कोण?" स्ट्रोबेक.

"खेचर! आणखी कोण?"

"विजार पुढच्या पायांना होती," आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले.

"मागच्या!"

"पुढच्या, एल्डोरा. मागच्या पायांना घातली की लाथ मारायची. पोस्टमास्तरचा दात कसा गेला मग?"

"दात गेला तो दारू पिऊन पडला म्हणून. चारी पायांना होती, मागच्याची नाडी सुटायची म्हणून तुला आठवत नाही!"

"नाडी नव्हती, बटणं होती," तिसरी म्हातारी कोपऱ्यातून. मग चौथा म्हातारा. मग जे काही सुरू झालं! साठ वर्षं शेजारी राहिलेली माणसं खेचराच्या विजारीवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली. एल्डोरा आजींनी आजोबांना आंधळा म्हटलं. आजोबांनी त्यांच्या आईच्या शिवणाचा उद्धार केला. मिस व्हर्डेलनी टेबलावर शिक्का आपटून आपटून शाई उडवली.

मी तशीच उभी, तोंड उघडं.

काय माणसं आहेत! माझी थाप पकडली गेली, मी बुडतेय, हे बघितल्याबरोबर सगळ्यांनी मिळून उचलून धरली! आणि नुसती हो ला हो नाही. भांडण लावलं. फुलं लावली. खेचराला नाव ठेवलं. मी स्वतःला या गावातली एक नंबरची थापाडी समजत होते. या लोकांपुढे मी बालवाडीत आहे. एवढा अभिमान मला आजवर कुणाचा वाटला नव्हता.

स्ट्रोबेक हळूच खुर्चीत बसले. बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "बस करा. ठरवून आलेली माणसं बटणावरून भांडत नाहीत."

आणि मग, "आम्ही जमीन खणली तेव्हा वाटेत संत्र्याची झाडं लागली होती. ओळीत. सरळ ओळीत. ओसाड जागेत झाडं ओळीत कशी, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मला ओटा वेळेवर द्यायचा होता."

ते कपाटाकडे गेले, स्वतःचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि खिशातून पेन काढलं.

"लायब्ररीच्या पुस्तकात पेनने लिहायचं नाही!" मिस व्हर्डेल कडाडल्या.

"मॅडम, मी लेखक आहे याचा."

"असाल. पेन्सिल घ्या."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ‘ओसाड’ वर रेघ मारली. म्हणाले, "माझी पानं नकोत पाठवायला. माझं काँक्रीट आहे तिथे, ते कुठे जात नाही."

हात वर झाले. तळाकडचेही. मेव्हण्याच्या बुटावरून बोलणारासुद्धा. मिस व्हर्डेलनी जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि नवी लावली. ‘इतिहास’. लावताना त्यांना चष्मा पुसावा लागला. शाई उडाली असणार.

आजोबांनी पुस्तक हातात घेतलं, चिठ्ठीवर अंगठा फिरवला. मला म्हणाले, "मशीन झालं का दुरुस्त?"

२४ मार्च

आज पानं देण्याआधी एक बारीकशी गोष्ट विचारायला टर्झा आजींना फोन केला. त्या हॅकबेरीच्याच, पण लग्न झाल्यापासून जॉर्जिया राज्यात, इकडे कुणाशी बोलणं नाही. मी चर्चच्या घंटेचं विचारलं. घंटेचं सांगून झाल्यावर त्या आपण होऊन म्हणाल्या, "आणि पर्लीनचं लिहिलंस का गं? तिच्या त्या पिवळ्या फुलांच्या विजारीचं?"

मी फोनवर हात ठेवून हसले. तिकडेही निरोप पोचवला होता म्हाताऱ्यांनी!

संध्याकाळी आजोबांना धरलं. "टर्झा आजींना कधी पढवलंत?"

"कोण टर्झा? टर्झा हेंडली? आहे अजून?"

चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. गुरू मानलं पाहिजे.

"आजोबा, इथे कुणी नाही. मला सांगा ना. पिवळी फुलं कुणाला सुचली?"

मग म्हणाले, "तू तीन वर्षांची होतीस तेव्हा रोज तेच मागायचीस. पर्लीन सांगा, पर्लीन सांगा." आणि हसले.

आता माझ्यावरच प्रयोग! मी म्हटलं, पुरे हं. पण मनात म्हटलं, हात धरणारं कुणी नाही या माणसाचा.

२५ मार्च

रात्रभर विचार केला, अर्धं पान काढावं का. इतिहासाची चिठ्ठी आणि आत माझी थाप. मिस व्हर्डेल विचारतात ना, "कुणी सांगितलं?" त्या पानापुढे त्यांनी ते विचारलंच नव्हतं, हे आज लक्षात आलं. नजरेतून सुटलं असेल.

नाही काढलं. सगळं गाव त्याच्यासाठी एकमेकांना भिडलं, आता ते माझं एकटीचं राहिलं नाही. फक्त एक बदल केला. ‘गोणपाटाची’ खोडून ‘कोंबडीखाद्याच्या पोत्याची, पिवळ्या फुलांची’ केलं आणि खेचराचं नाव घातलं. कारण त्यांची थाप माझ्या थापेपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला मला लाज नाही. पुढच्या पायांना की मागच्या, ते तेवढं लिहिलं नाही. जीव प्यारा आहे.

साहेब येऊन पानं घेऊन गेले. म्हणाले, मजकूर कोरता येतो, वास नाही. म्हटलं, नशीब चंद्राचं.

११ मे

उड्डाण रद्द. वारा. बाहेरगावचे लोक हिरमुसले. आमचे लोक खुर्च्या मिटून घरी आले, शेंगा उद्याही चालतात.

१२ मे

रद्द. कुठलीशी झडप. स्ट्रोबेकनी सगळ्यांना झडपेबद्दल समजावून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

१५ मे

गेलं.

सकाळपासून सगळे नदीकाठी. आजोबा, एल्डोरा आजी, मिस व्हर्डेल (लायब्ररी बंद ठेवून! दारावर पाटी, ‘लायब्ररी बाहेर गेली आहे’). स्ट्रोबेक आपली घडीची खुर्ची उचलून आमच्यात आले आणि आजोबांशेजारी ठेवली.

"चर्च नेमकं कुठे होतं, हॉयट?"

"तो तुमचा पांढरा खांब दिसतोय ना, त्याच्या डावीकडे."

"तो वीज पकडायचा मनोरा आहे."

"असेल. त्याच्या डावीकडे."

"आणि तुमचं घर?"

आजोबांनी बोट उचललं. काही बोलायच्या आतच त्या बोटाच्या टोकाशी उजेड झाला. आधी नुसता उजेड, आवाज नाही. ओट्यावरून पांढरा धूर दोन्ही बाजूंना पसरला आणि ते उठलं. सावकाश, जसं काही कुणी जॅक लावून उचलतंय. मग पाण्यावरून आवाज आला, छातीत, दातांत, खुर्चीच्या पायांत. एल्डोरा आजींनी आजोबांचा हात धरला, दोघं मान वर करून बघत राहिले. स्ट्रोबेकनी टोपी काढली. मी बारा पानांचा विचार करत होते. की ती किटली आता वर चालली. त्या बाईच्या हातात, चुलीवर, घरासकट.

ठिपका दिसेनासा झाला तरी कुणी खाली बघेना.

शेजारी एक बाहेरगावची बाई होती, दुर्बीण गळ्यात, बरोबर मुलगी. तिने आजोबांचे डोळे बघितले आणि अदबीने विचारलं, "काका, तुम्ही तळावर कामाला होता का?"

"नाही बाई," आजोबा म्हणाले. "आम्ही तिथले."

बाईला कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. आमचे सगळेच माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी मी काय करते ते गावाला ठाऊक आहे. आजोबांना अंतराळवीर केलं असतं, एल्डोरा आजींना राष्ट्राध्यक्षाची बहीण. बाईने घरी जाऊन चार जणांना सांगितलं असतं.

मी तोंड उघडलं, आणि मग मिटलं. त्यात घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "हे तिथले."